मंगळयानाचे मौन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील इंदरगंज ही गजबजलेली पेठ. नोव्हेंबर २०१६ पासून काही वर्षे, देशातील इतर पेठांप्रमाणेच येथेही, भारताच्या मंगळयानाचे चित्र दुकानांच्या गल्ल्यांतून हातोहात फिरत होते. दोन हजार रुपयांच्या नव्या नोटेच्या मागील बाजूस ते छापलेले होते. पण सुटे मोजण्याच्या घाईत ते निरखून पाहण्यास कोणास सवड असणार? पुढे १९ मे २०२३ रोजी ही नोट चलनातून काढून घेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने जाहीर केला. ज्या यानाचे ते चित्र, ते त्यापूर्वीच, एप्रिल २०२२ मध्ये, मुके झाले होते. परत आलेल्या नोटांचा हिशेब बँकेला लावता येतो. मुक्या झालेल्या यानाचा हिशेब कोणी आणि कसा लावावयाचा?

यानाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून अग्निबाणाने ते उचलले. त्याचे वजन सुमारे १३३७ किलोग्रॅम होते, आणि त्यात ८५२ किलोग्रॅम केवळ इंधन होते. शास्त्रीय उपकरणे पाच, त्यांचे वजन अवघे १५ किलोग्रॅम. १ डिसेंबरला त्याने पृथ्वीची कक्षा सोडली आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाची कक्षा गाठली. त्या दिवशी तेथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. म्हणून सर्व आज्ञा यानाला आधीच पढवून ठेवाव्या लागल्या. पहिल्याच प्रयत्नात मंगळाला प्रदक्षिणा घालणारे यान पाठविण्याचा मान भारताला मिळाला. सहा महिन्यांचे आयुष्य गृहीत धरून बांधलेले हे यान सात वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिले.

त्याचा घात कोणत्या अपघाताने झाला नाही, ग्रहणाने झाला. मंगळामागे सूर्य दडला की यानावरील सौरपत्रे निकामी होत आणि सारा भार विद्युत्घटावर येई. एक तास चाळीस मिनिटांपर्यंतची छाया सोसावी, अशी त्या घटाची योजना होती. २०१७ मध्ये याहून कितीतरी दीर्घ, सुमारे आठ तासांची ग्रहणे येणार, हे गणिताने आधीच सांगितले होते. तेव्हा त्या वर्षीच्या जानेवारीत सुमारे २० किलोग्रॅम इंधन जाळून शास्त्रज्ञांनी कक्षाच बदलली आणि यानाला छायेतून वाचविले. त्यानंतर यानात जेमतेम १३ किलोग्रॅम इंधन उरले. २०२२ मध्ये पुन्हा ग्रहणांची मालिका आली. त्यांतील एक साडेसात तासांचे होते. या वेळी मार्ग बदलण्यास इंधन शिल्लक राहिले नसावे. घट रिता झाला, आणि बंगळूरजवळील ब्यालालू येथील ३२ मीटर व्यासाच्या आकाशकाला उत्तर येईनासे झाले. यान आता पुन्हा हाती येणार नाही, असे इस्रोने त्याच वर्षी सांगून टाकले.

वीज गेली, यंत्रे गारठली. तरी यानाचे फिरणे थांबले नाही, कारण फिरण्यासाठी त्याला विजेची गरज कधीच नव्हती. गुरुत्वाकर्षणाच्या ज्या नियमाने चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, त्याच नियमाने ते मंगळाभोवती फिरते. मौन पाळणाऱ्या गोलांचा हिशेब ठेवणे मनुष्याला नवे नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून आपले ठाणे ग्वाल्हेरला हलविले. त्यांच्या छावणीचेच पुढे लष्कर शहर झाले. मागे राहिलेल्या उज्जैनात सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा होती. तिचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी करविला. तेथे वेध घेणाऱ्यांना कोणत्याही ग्रहाने कधी संदेश धाडला नाही. डोळ्यांनी पाहावे, मांडावे आणि पुढचे स्थान वर्तवावे, एवढाच त्यांचा व्यवहार.

यानाच्या बाबतीत मात्र पाहण्याचीही सोय नाही. मागे राहते ती शेवटची ज्ञात कक्षा आणि तिच्यावर उभारलेले गणित. ही कक्षा अतिशय लांबट होती. आरंभी यान मंगळापासून सुमारे ४२२ किलोमीटर इतके जवळ येई आणि सुमारे ७७,००० किलोमीटर इतके दूर जाई. दूर असताना सूर्याची ओढ कक्षेला हळूहळू वळण देत राहते. त्यामुळे जवळचे टोक खाली घसरले, तर मंगळाचे विरळ वातावरण दर फेरीला यानाची थोडी गती हिरावून घेईल आणि अखेर ते जळत, तुटत त्या तांबड्या भूमीवर कोसळेल. तसे न घडले, तर ते दीर्घकाळ फिरतच राहील. गणितातील आरंभीची बारीक चूक वर्षागणिक वाढत जाते, म्हणून येथे तारीख सांगण्यास कोणी धजत नाही.

याला दाखलेही आहेत. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेचे मरिनर–९ मंगळाच्या कक्षेत शिरले. परग्रहाला प्रदक्षिणा घालणारे ते पहिले यान. २७ ऑक्टोबर १९७२ रोजी ते बंद करण्यात आले, तेव्हा ते निदान पन्नास वर्षे फिरत राहील असा अंदाज होता. मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान २ नोव्हेंबर २००६ नंतर बोलले नाही. त्याच ग्रहाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाने त्याचे छायाचित्र घेण्याचा प्रयत्न केला, पण ते सापडले नाही.

भारताचे एक यान मात्र सापडले. चांद्रयान–१ चा संपर्क २९ ऑगस्ट २००९ रोजी तुटला. सात वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञांनी चंद्राच्या उत्तर ध्रुवावर रडारच्या लहरी सोडल्या आणि जेमतेम दीड मीटरच्या त्या पेटीचा प्रतिध्वनी टिपला. ते चंद्राभोवती फिरतच होते. परंतु जुन्या गणितात सुमारे अर्ध्या फेरीची दुरुस्ती करावी लागली. मंगळयानासाठी हा उपाय चालत नाही. मंगळ अगदी जवळ आला, तरी तो चंद्राच्या सुमारे दीडशे पट दूर असतो, आणि रडारचा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. म्हणजे तो चाळीस कोटींहून अधिक पटींनी दुबळा होऊन येणार.

तेव्हा मंगळयानाच्या हिशेबात जमेची बाजू निश्चित आहे. हजाराहून अधिक छायाचित्रे, सात वर्षांची निरीक्षणे आणि दीर्घ ग्रहण चुकविण्याचा अनुभव, एवढे पदरात पडलेले आहे. त्याच्या आजच्या ठिकाणाचा रकाना तेवढा रिकामा आहे, आणि प्रामाणिक हिशेबनीस तो अंदाजाने भरीत नाही. इंदरगंजच्या घरांवर मंगळाचा तांबूस ठिपका रात्री उगवतो, तेव्हा त्याच्याजवळ कोठेतरी, फिरत वा भूमीला मिळालेले, येथील माणसांच्या हातांनी जोडलेले एक यंत्र आहे, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.