केडगावची प्रार्थना



कळंबला येऊन प्रार्थनेवर बोलायचे हे तसे धाडसच. या गावचे दैवतच चिंतामणी, आणि त्याच्या दर्शनास पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते. लोक आपली चिंता खाली ठेवतात आणि हलके होऊन वर येतात. आम्ही कामगार चळवळीतले. आमच्यापुढे हाच विषय प्रश्न होऊन उभा राहतो. संकटात सापडलेल्या माणसाने हात जोडावेत की मूठ वळावी? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानात शोधण्याइतके आमचे शिक्षण नाही. म्हणून आम्ही ते इतिहासात शोधतो, आणि त्यासाठी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी जातो. तेथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींचे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले.

रमाबाईंची कथा बहुतेक वेळा त्यांच्या विद्वत्तेपासून सांगितली जाते. आम्ही ती भुकेपासून सांगू. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात हे कुटुंब अन्नाला महाग झाले. व्रते झाली, जप झाले, दाने झाली, जवळचे होते नव्हते ते संपले. शेवटी वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायपीट करीत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथे या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पण प्रार्थना करूनही अन्न मिळाले नाही, हा अनुभव तिने गाठीस बांधलेला होता. पुढे प्रार्थनेचे मोठे स्थान उभारणारी ही बाई प्रार्थना निष्फळ गेलेली पाहून आलेली होती, हे विसरून चालणार नाही.

मधला काळ थोडक्यात सांगतो. १८८० साली विवाह, १८८२ साली वैधव्य, पदरी मनोरमा ही लहान मुलगी. १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, नंतर अमेरिका, आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’. सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. १८९३ साली वाद पेटला तो प्रार्थनेवरूनच. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेस बसत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील या भरवशावर पालकांनी मुली धाडल्या होत्या. त्यांचा राग समजण्याजोगा होता. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, कित्येक मुली काढून नेल्या गेल्या. रमाबाईंचे म्हणणे एवढेच की आपण कोणावर सक्ती केली नाही, पण दारही लावणार नाही. दोन्ही बाजू तोलून पाहिल्याखेरीज या प्रकरणाचा न्याय करू नये.

आता मुख्य गोष्ट. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. उपाशी मुलींचे काय होते हे रमाबाईंना पुस्तकातून कळण्याची गरज नव्हती. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर आणि अनाथगृहांत एकट्या मुलींची काय विटंबना चालते, हे त्यांनी पाहिले व लिहून जगापुढे ठेवले. शेकडो मुली त्यांनी पुण्याकडे आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. शहरात इतकी माणसे ठेवता येईनात, म्हणून मुली केडगावच्या शेतावर गेल्या. १८९८ साली तेथे मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आपल्या वऱ्हाडानेही तो भोगला; यवतमाळ तेव्हा वणी जिल्ह्यात मोडे. या वेळी गुजरात-राजस्थानातल्या मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार माणसे प्रार्थनेवर जगत नाहीत. दळण दळावे लागते, पाणी शेंदावे लागते. तेथे शेती होती, हातमाग होते, छापखाना होता. मनोरमेने अमेरिकेहून ब्रेल लिपी शिकून आणली होती. अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत याच आश्रमाच्या मुलींचे हात होते. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

अशा कष्टाच्या जागी १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेस बसणाऱ्यांना बोलावले. प्रथम सुमारे सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ती संख्या पाचशेच्या पुढे गेली. जूनअखेर तर शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, कबुली देणे, गाणे यांचा लोंढा आला. नंतर त्यांच्या तुकड्या आसपासच्या गावी फिरल्या. कोणी यास दैवी संचार म्हटले, कोणी गर्दीचा उन्माद म्हटले. तो निवाडा आम्ही करणार नाही. आम्हांस दिसते ते एवढेच, की जिला कालपर्यंत कोणी नावही विचारले नव्हते, ती मुलगी चारचौघींत आपले दुःख मोठ्याने बोलू लागली.

याचे मोल आम्हांस जिनिंगमधल्या बायांमुळे कळते. सभेला बाई येते, शेवटपर्यंत बसते, पण पहिले वाक्य तिच्या तोंडून निघता निघत नाही. ते निघाले की मजुरीचा दर ती आमच्याहून नेमका सांगते. या जिल्ह्यात ख्रिस्ती स्त्रियांच्या एका प्रार्थना-शिबिरात आम्ही मागच्या सतरंजीवर बसलो होतो. एकेक बाई उठे, सावकार, आजारपण, नवऱ्याचे व्यसन, जे असेल ते उघड सांगे. बाकीच्या उपदेश न करता तेच तिचे दुःख आपल्या प्रार्थनेत घेत. सभा संपल्यावर दोघी-तिघी उठून तिच्याबरोबर तिच्या घरी गेल्या. केडगावचा धडा तेथे आम्हांस जिवंत दिसला.

तथापि या धड्याची सीमाही सांगितली पाहिजे. मुक्ती सदनाने मुली वाचवल्या. शेतसारा त्याने कमी केला नाही, धान्याची साठेबाजी मोडली नाही. ती कामे प्रार्थनेची नाहीत. ती संघटनेची आहेत, कायद्याची आहेत, आणि त्यांसाठी मूठ वळावीच लागते. पण जी माणसे एकमेकांचे दुःख ऐकण्यास कधी बसलीच नाहीत, त्यांची मूठ वळत नाही, हेही तितकेच खरे.

आपला यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ओळखला जातो. गेलेल्या माणसांची गणती होते. मागे राहिलेल्या बायका सातबारा, कर्ज आणि लेकरे घेऊन एकेकट्या बसतात. कळंबच्या भगिनींस आमची विनंती आहे. देऊळ असो, विहार असो, मशीद असो की चर्च, आठवड्यातून एक वेळ ठरवून या बायकांसह बसा. आधी त्यांना बोलू द्या. मग तलाठ्याकडे आणि बँकेत त्यांच्याबरोबर जा. आणि तेरावे आटोपल्यावर त्या घरी जाणे बंद करू नका.