मोऱ्याचा नाका आणि संगणकांच्या वाटा



भाऊच्या धक्क्यावरून लाँचेंत बसून निघालें म्हणजे तासाभराच्या आंतबाहेर मोरा बंदर लागतें. उरण हा पूर्वीं पनवेल तालुक्याचाच एक पोटविभाग होता, आणि मोरा हें त्या उरणचें मुंबईकडे उघडणारें दार. पूल आणि पक्के रस्ते होण्याच्या आधीं या बाजूचा माणूस व माल मुंबईस जावयाचा तो बव्हंशीं याच दारानें. उरणच्या आसपासचीं मिठागरें आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या यांची एके काळीं मोठी ख्याति होती. मीठ आणि दारू हे दोनहि कराचे जिन्नस. इंग्रजी अमलांत परवान्याचा कागद दाखविल्यावांचून त्यांतील कांहीं हलत नसे. मिठावरील कर १९४७ सालीं उठला. पण त्या व्यवस्थेंतील एक मर्म आजच्या विषयास फार उपयोगी आहे. वाट असणें ही एक गोष्ट, आणि त्या वाटेनें जाण्याची परवानगी असणें ही दुसरी. लाँच धक्क्यास लागली पण परवाना नाहीं, तर माल तेथेंच राहिला. परवाना खिशांत आहे पण ओहोटीमुळें लाँच गाळांतून येऊं शकत नाहीं, तरीहि माल तेथेंच राहिला. सरकारी अंमलदार आणि समुद्र हीं दोन स्वतंत्र खातीं होतीं, म्हणा ना!

मला आज बोलावयाचें आहे तें संगणकांच्या जाळ्यांविषयीं. मोठ्या जाळ्याचे विभाग कां पाडावे लागले, आणि त्या विभागांमधील वाट फायरवॉल नांवाच्या यंत्रावरून कां व कशी न्यावी लागते, हा तो विषय. वरवर पाहतां तो रुक्ष वाटेल. परंतु मोऱ्यापासून कांहीं मैलांवर, न्हावा-शेव्यास, २०१७ सालीं जें घडलें तें ऐकल्यावर तसा वाटणार नाहीं.

न्हावा-शेव्याचें जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ च्या मे महिन्यांत सुरू झालें. तेथें एकाहून अधिक टर्मिनलें आहेत. त्यांपैकीं गेटवे टर्मिनल्स इंडिया हें डेन्मार्कच्या मर्स्क समूहांतील ए. पी. एम. टर्मिनल्स आणि आपली सरकारी कंटेनर कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीचें. २७ जून २०१७ रोजीं या टर्मिनलाचे संगणक बंद पडले. कोणता कंटेनर कोठें ठेवला आहे, कोणता ट्रक कोणता कंटेनर उचलणार आहे, हें सारें ज्या यंत्रांच्या पोटांत होतें तीं यंत्रेंच मुकीं झालीं. हातानें काम रेटण्याचा प्रयत्न झाला. पण हजारों पेट्यांचा हिशेब हातानें किती रेटणार? ट्रकांची गर्दी होणार हें ओळखून बंदराच्या अधिकाऱ्यांस त्यांच्या उभें राहण्याची सोय पाहावी लागली. त्याच वेळीं युरोपांत आणि अमेरिकेंतहि मर्स्कच्या टर्मिनलांच्या फाटकांवर हीच दशा होती.

रोगाचें मूळ उरणांत नव्हतें. युक्रेन देशांत हिशेब व करभरणा यांसाठीं सर्रास वापरला जाणारा एक प्रोग्राम आहे. त्याच्या नव्या आवृत्त्या पोंचविण्याच्या यंत्रणेंत हल्लेखोरांनीं शिरकाव केला आणि तिच्यांतून नॉटपेट्या नांवाचा विध्वंसक प्रोग्राम सोडला. मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरींत तो हिशेबाचा प्रोग्राम एका संगणकावर बसविलेला होता. एवढें एक छिद्र पुरलें. पुढें अमेरिका व ब्रिटन यांनीं या कृत्याचा आरोप रशियाच्या लष्करावर ठेवला. राजकारणाचा तो भाग आपण बाजूस ठेवूं. आपला प्रश्न निराळा आहे. काळ्या समुद्राच्या कांठच्या एका टेबलावरील संगणकाचा रोग उरणच्या किनाऱ्यास येऊन पोंचला, तो कोणत्या वाटेनें? आणि वाटेंत त्यास कोणीं हटकलें कसें नाहीं?

त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९६९ सालीं अमेरिकेंत आर्पानेट हें जाळें सुरू झालें. नंतरच्या वर्षांत आणखी जाळीं निघालीं. एक तारांवर चालणारें, दुसरें रेडिओवर, तिसरें उपग्रहावरून. एकाची रीत दुसऱ्यास कळेना. १९७४ च्या मे महिन्यांत व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील कल्पना अशी कीं, प्रत्येक जाळें आपल्या जागीं जसें आहे तसें राहूं द्यावें, आणि दोन जाळ्यांच्या शिवेवर एक यंत्र बसवावें. त्याचा एक पाय या जाळ्यांत, दुसरा त्या जाळ्यांत. या यंत्रास त्यांनीं गेटवे म्हटलें. १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेटनें ही पद्धति पत्करली. नांवांत 'गेट' असलें तरी हें फाटक अडविणारें नव्हतें, पोंचविणारेंच होतें. आलेल्या पाकिटावरील पत्ता वाचावा आणि तें पुढें धाडावें, इतकेंच त्याचें काम. जाळ्यांवरील माणसें थोडीं, बहुतेक एकमेकांच्या ओळखीचीं. संशय कोणीं कोणावर घ्यावा?

तो भाबडेपणा २ नोव्हेंबर १९८८ रोजीं संपला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम आपण होऊन एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरत गेला, आणि अंदाजें सहा हजार संगणक त्यानें अडकविले. तेव्हांपासून शिवेवरच्या यंत्रास पत्त्याबरोबर परवानाहि पाहावयास लावण्याची निकड सर्वांसच पटली. १९९० सालीं बेल प्रयोगशाळेंतील विल्यम चेसविक यांनीं आपल्या संस्थेच्या नाक्याचें वर्णन लिहिलें. त्यांत त्यांनीं प्रांजळपणें कबूल केलें कीं, आपली व्यवस्था बाहेरून टणक आणि आंतून मऊ आहे. फणसाचें उदाहरण घ्या ना. कांटे सगळे सालीवर; एकदां साल फोडली कीं गऱ्यांना कसलें संरक्षण? १९९४ सालीं इस्रायलमधील चेक पॉइंट कंपनीनें जी फायरवॉल बाजारांत आणली ती एकेक पाकीट सुटें पाहात नसे; तें पाकीट कोणत्या चालू संभाषणाचा भाग आहे हें ती लक्षांत ठेवी. आपल्याकडे एर्नेटचा प्रकल्प १९८६ सालचा, त्यांत मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रहि होतें. आणि सामान्य जनतेस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमाकडून.

या साऱ्या काळांत लक्ष राहिलें तें सालीकडे. आंतल्या गऱ्यांमध्यें पडदे घालावे हें अनेकांस सुचत होतें, साधनेंहि आलीं होतीं, पण काम किचकट आणि दिसण्यांत कांहीं फायदा नाहीं, म्हणून तें मागें पडे. मर्स्कमध्यें नेमकें हेंच झालें. जाळ्याचे विभाग पुरेसे पाडलेले नाहींत, असा इशारा तेथील कांहीं जाणत्या नोकरांनीं हल्ल्याच्या आधींच दिला होता, असें नंतर प्रसिद्ध झालें.

आतां हे विभाग पाडणें म्हणजे काय, तें एका साध्या कचेरीवरून पाहूं. उरण-पनवेलकडे बंदराचीं कामें करणाऱ्या अशा कचेऱ्या पुष्कळ. तेथें कारकुनांचे संगणक आहेत, हिशेबाचा सर्व्हर आहे, भिंतीवर कॅमेरे आहेत. कारकुनांस १९२.१६८.१० नें सुरू होणारे पत्ते द्यावे, सर्व्हरास १९२.१६८.२० चे, कॅमेऱ्यांस १९२.१६८.३० चे. खाजगी जाळ्यांसाठीं राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकींच हे आहेत. १९९६ सालच्या एका नियमपत्रानें ते ठरले. प्रत्येक संगणक पाकीट पाठवितांना आधीं पाहतो, 'ज्यास पाठवावयाचें तो माझ्याच आळींतला आहे काय?' असेल तर थेट देतो. नसेल तर आपल्या आळीच्या वेशीवर नेऊन देतो. ही वेस म्हणजेच फायरवॉल. तिचा एकेक पाय प्रत्येक आळींत असतो आणि त्या त्या पायास त्या आळींतला एक पत्ता असतो, बहुधा शेवटीं १ असलेला.

ज्या आळ्यांत फायरवॉलचा स्वतःचा पाय आहे, त्यांच्याकडे जाण्याची वाट तिला आपोआप ठाऊक असते. ती लिहून द्यावी लागत नाहीं. नवशिके येथें उगीच वाटा लिहीत बसतात. लिहावयाची ती दूरच्या विभागाची. समजा, गोदामाचें जाळें १९२.१६८.५० चें आहे आणि तें सर्व्हरांच्या आळींतील २० च्या २ या पत्त्यावरील दुसऱ्या राउटरच्या पलीकडे आहे. मग फायरवॉलच्या कोष्टकांत लिहावें लागतें कीं, ५० कडे जाणारें पाकीट २० च्या २ च्या हातीं द्यावें. एकाच पत्त्यास दोन वाटा लागू पडत असतील तर अधिक नेमकी वाट निवडली जाते. आणि कोठेंच जुळलें नाहीं तर 'बाकी सर्व इकडे' अशी जी सरसकट वाट असते, तिनें पाकीट बाहेरच्या जगाकडे निघून जातें.

इतकें झालें तरी पुष्कळदां काम अडतें, आणि बहुधा तें परतीच्या वाटेवर अडतें. गोदामाच्या राउटरला १० च्या आळीकडे परत कसें यावयाचें हें सांगितलेलेंच नसतें. प्रश्न पोंचतो, उत्तर भलतीकडे जातें. मोऱ्यास उतरलेल्या माणसानें परतीच्या लाँचेची वेळच विचारली नाहीं, तसला हा प्रकार. दुसरा दोष याहून फसवा. जातांना पाकीट फायरवॉलवरून जातें, येतांना मात्र मधल्या एखाद्या आडवाटेनें परस्पर येतें. संभाषणाची अर्धीच बाजू कानीं पडल्यामुळें फायरवॉल पुढचीं पाकिटें संशयानें टाकून देते. म्हणून दोनहि दिशांची वाट एकाच वेशींतून गेली पाहिजे.

वाट झाली कीं परवाना. फायरवॉलवरील नियम वरून खालीं वाचले जातात, आणि जो पहिला जुळेल तो लागू होतो. कारकुनांनीं हिशेबाच्या सर्व्हराशीं फक्त हिशेबाच्याच कामापुरतें बोलावें. कॅमेऱ्यांनीं आपलें चित्र नोंदणीयंत्राकडे पाठवावें, इतर कोणाकडे पाहूं नये. आणि सर्वांत शेवटीं, वरील कशांतहि न बसणारें सारें अडवावें. हा शेवटचा नियमच खरा नाका होय. काम अडलें कीं घाईनें 'सर्वांस सर्वत्र मुभा' असा नियम सर्वांत वर लिहिण्याचा मोह कोणासहि होतो, आणि तो तात्पुरता नियम वर्षानुवर्षें तसाच राहतो. मग आळ्या तीन, वेस एक, आणि प्रत्यक्षांत मात्र उघडें माळरान. याच मासल्याची दुसरी चूक म्हणजे आळ्या जोडण्याचें काम स्विचकडेच सोपविणें. तसें केलें कीं पाकिटें फायरवॉलचें तोंडहि न पाहतां इकडून तिकडे जातात. धक्क्यावर पहारा कडक, आणि शेजारच्या खाडींतून होड्या चालूच!

नॉटपेट्यास लागत होती ती अशीच उघडी जागा. एका संगणकावर शिरला कीं तो त्याच्या स्मृतींतून परवलीचे शब्द चोरी आणि तेच वापरून शेजारच्या यंत्रांत जाई. विंडोजमधील ज्या दोषाचाहि तो फायदा घेई, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १९१७ नव्हे, २०१७ च्याच मार्चमध्यें दिलेली होती. पण ज्या यंत्रांवर ती चढविली होती तींहि चोरलेल्या शब्दांमुळें सुटलीं नाहींत. वाटेंत वेशी असत्या तर ओडेसाची कचेरी गेली असती, कदाचित् आसपासच्या आणखीहि गेल्या असत्या. न्हावा-शेव्याच्या फाटकावर ट्रक अडण्याचें कारण बहुधा पडलें नसतें. मर्स्कला ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. तें काम दहा दिवसांत झालें, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं २०१८ च्या जानेवारींत सांगितलें. नुकसान ३० कोटी डॉलरपर्यंत गेलें.

या पुनर्बांधणींत एक विलक्षण अडचण आली. संपूर्ण जाळ्यांत कोण कोण आहे, कोणास काय अधिकार आहे, याची वही राखणारे जे मुख्य सर्व्हर असतात, ते जगभर सुमारें दीडशें होते आणि एकमेकांच्या नकला ठेवीत. एक बिघडला तर दुसऱ्यावरून उतरून घ्यावें, ही योजना. सगळेच एका दमांत जातील हें कोणीं धरलेंच नव्हतें. शोध घेतां घेतां आफ्रिकेंतील घाना येथील एक सर्व्हर शाबूत सांपडला. हल्ल्याच्या आधीं तेथील वीज गेली होती, त्यामुळें त्याची जाळ्याशीं असलेली वाट तुटलेली होती. तेथून ती माहिती तारेनें इंग्लंडास पाठविण्यास फार दिवस लागले असते. आणि घानाच्या कचेरींतील कोणापाशीं ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर तेथील एक नोकर ती डिस्क घेऊन विमानानें नायजेरियास गेला, विमानतळावर त्यानें ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातीं दिली, आणि त्या सहकाऱ्यानें ती लंडनला पोंचविली.