सर्व्हर नोंदवही
सर्व्हर नोंदवही : संगणकीय सेवा पुरविणाऱ्या यंत्राने (सर्व्हरने) आपल्याकडे आलेल्या मागण्यांची व स्वतःच्या कामकाजाची कालक्रमानुसार आपोआप केलेली नोंद. व्यवहारात तिला ‘लॉग’ म्हणतात. हा शब्द नौकानयनातून आला आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडी ओंडका पाण्यात टाकीत. ही मापने ज्या वहीत लिहीत, तिलाही ओंडक्याचेच नाव मिळाले.

महाराष्ट्रात दैनंदिन नोंदींची परंपरा जुनी आहे. पेशवाईच्या दप्तरात रोजचा जमाखर्च व हुकूम रोजकीर्दीत लिहिले जात. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिशांतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले व इतिहाससंशोधनाचे महत्त्वाचे साधन ठरले. नोंद घटनेच्या वेळीच होते, पुढे तिचा कोणता उपयोग होईल हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते; यातच तिचे प्रामाण्य असते.

संगणकाच्या क्षेत्रात एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे ‘सिसलॉग’ ही नोंदपद्धती तयार केली. पुढच्या दशकाच्या पूर्वार्धात आरंभीच्या वेब सर्व्हरांनी नोंदीचा एक सामाईक नमुना स्वीकारला. त्याच्या प्रत्येक ओळीत मागणी करणाऱ्याचा संगणकीय पत्ता, वेळ, मागितलेले पान, उत्तराचा तीन अंकी संकेतांक व पाठविलेल्या माहितीचे आकारमान असते. २०० म्हणजे मागणी पूर्ण झाली, ४०४ म्हणजे पान सापडले नाही, तर ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड झाला. बिघाडाची कारणे बहुधा वेगळ्या नोंदवहीत उतरतात.

पुणे-सातारा मार्गावरील शिरवळसारख्या औद्योगिक गावातील एखाद्या कारखान्याने मालाच्या आवकजावकीचा कार्यक्रम स्वतःच्या सर्व्हरवर ठेवल्यास या ओळी वाचण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. एकाच पत्त्यावरून परवलीचा शब्द चुकल्याच्या शेकडो नोंदी ओळीने आढळणे आणि शेवटी प्रवेश मिळाल्याची नोंद दिसणे, हे घुसखोरीचे लक्षण होय. घुसखोर आपल्या खुणा पुसू शकतो. म्हणून नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवतात. यंत्रांची घड्याळे जुळत नसतील, तर घटनांचा क्रम लावता येत नाही.

नोंदवहीला मर्यादाही आहेत. जे सर्व्हरपर्यंत पोहोचलेच नाही, ते तीत उमटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात सु. ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. त्यात एटीएमच्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीकडे न जाता मध्येच बनावट मार्गाने मंजूर होत होत्या. अशा वेळी एका यंत्राची नोंद पुरत नाही. कीर्द व खतावणीप्रमाणे स्वतंत्र नोंदी परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात.

‘सर्ट-इन’ या केंद्र शासनाच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांनुसार सेवादात्यांनी व कंपन्यांनी नोंदी १८० दिवस जतन करणे आणि सायबर घटना ६ तासांत कळविणे आवश्यक झाले. तथापि नोंदींत व्यक्तींच्या हालचालींचा मागही असतो. त्यामुळे त्या किती काळ ठेवाव्यात आणि कोणी वाचाव्यात, हा प्रश्न सुरक्षिततेइतकाच नागरिकांच्या खाजगीपणाशीही निगडित आहे.