पु.लं.चा उपास आणि आजीचा दुष्काळ

गेल्या वीकेंडला संगमनेरला घरी गेलो होतो. आजीला आता वाचायला नीट दिसत नाही, म्हणून तिला पु.लं.च्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' वाचून दाखवला. आठवतो ना? वजन कमी करायला निघालेला माणूस, आणि काय खाऊ नको ते सांगत सुटलेली अख्खी चाळ!

आपल्याला खायला आवडतं हे पु.लं.नी कधीच लपवलं नाही. 'माझे खाद्यजीवन' हा तर खुल्लमखुल्ला कबुलीजबाबच. पण त्यांचा जन्म १९१९ चा. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं तेव्हा ते तेवीस-चोवीस वर्षांचे होते. म्हणजे हे विनोद धान्य मोजून मिळायचा काळ बघितलेल्या माणसाचे आहेत.

तरी वाचताना मला जरा अवघडल्यासारखंच झालं. आजीने १९७२ चा दुष्काळ काढलाय. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि खायला काय, तर अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी, नाहीतर सुकडी. तिला हे ऐकून काय वाटेल?

ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, "आरं, खडी फोडताना आम्ही बाया पुरणपोळीच्याच गप्पा मारायचो. एक जण वाढायची, बाकीच्या 'आता बास' म्हणायच्या. लई हसायचो!"

खाण्यावरचे विनोद भरल्या पोटीच सुचतात, असं मी आजवर समजत होतो.

असो. सोमवारपासून डाएट करायचं ठरवलंय. आजीला अजून सांगितलेलं नाही.