साठ पैशांचा वेताळ

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे ज्या संस्थेला सामान्य वाचक ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या तिच्या दैनिकाच्या नावानेच ओळखत असे तिने, ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या मालेचा पहिला अंक काढला, तेव्हा त्याची किंमत साठ नवे पैसे होती. पैशामागचे ‘नवा’ हे विशेषण सरकारी हुकुमाने गळून पडण्यास अद्याप तीन महिने अवकाश होता. अंकात वेताळाच्या, म्हणजे मूळ इंग्रजीतील ‘फँटम’च्या, कमरपट्ट्याची कथा होती. ली फॉक या अमेरिकी लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला हा मुखवटाधारी वीर ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या इंग्रजी वाचकांच्या परिचयाचा होता, आता इंद्रजालाच्या पानांतून तो हिंदी, मराठी आणि पुढे बंगाली मुलांच्या हाती येऊ लागला, आणि ज्या घरांत इंग्रजी साप्ताहिक कधी शिरले नव्हते त्या घरांतही त्याच्या कवटीच्या गुहेची वर्णने होऊ लागली.

हे साठ पैसे स्वल्प होते, असे आज सर्रास मानले जाते. हिशेब मात्र तसा लागत नाही. अमेरिकेत त्या काळी असे चित्रपुस्तक बारा सेंटला मिळे, आणि डॉलरचा तत्कालीन सरकारी दर ४ रुपये ७६ पैसे धरला तर त्याचे सत्तावन्न पैसे होतात. म्हणजे जी किंमत सधन देशातील मुलाला पडत होती, जवळजवळ तीच गिरणगावातील मुलालाही पडत होती. प्रकाशकाने काटकसर केली नव्हती असे नव्हे. चित्रे नव्याने काढवून घेण्याचा खर्च मुळातच नव्हता, कारण किंग फीचर्स या अमेरिकी संस्थेकडून वृत्तपत्रांतील तयार पट्ट्या परवान्याने घेऊन त्यांचीच पुस्तकाच्या पानांवर फेरमांडणी केली जाई. एकच चित्र अनेक भाषांना पुरे आणि संवादांची अक्षरे तेवढी बदलावी लागत. शिवाय छापखाना स्वतःचा, आणि वितरणाची व्यवस्था दैनिकामुळे आधीच सिद्ध. भारतीय वाचकाचे मन दुखू नये याचीही दक्षता होती: मूळ कथेतील ‘बेंगाली’ या प्रदेशाचे येथे ‘डेंकाली’ झाले आणि ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’. एवढी काटकसर करूनही साठ पैसे ही रक्कम चाळीतील मुलाने महिन्याकाठी मागावी आणि वडिलांनी विनातक्रार द्यावी अशी नव्हती.

वेताळ खऱ्या अर्थाने स्वस्त झाला तो रद्दीवाल्याच्या दुकानात आणि जिन्याखालच्या भाड्याच्या वाचनालयात. ज्या व्यवसायाचा दाखला कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही, त्या व्यवसायाची वहिवाट मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत विलक्षण सारखी होती: थोडी अनामत ठेवावी, काही पैशांत एका दिवसाच्या मुदतीने अंक न्यावा, दुसऱ्या दिवशी परत करावा, आणि ज्याच्यापाशी अनामतीपुरतेही पैसे नसतील त्याने दुकानाच्या फळीवर बसून त्याहूनही कमी दरात तेथेच वाचून उठावे. पाच-सहा अंक दाभणाने शिवून, त्यांवर जाड पुठ्ठा चढवून, एक ‘बाइंडिंग’ तयार होई. ते नेणारा मुलगा रस्त्यातच वाचू लागे, घरी भावंडे वाचत, शेजारी वाचत, आणि एका भाड्यात दहा डोळे तृप्त होत. सुटीत मुलांची परस्पर देवघेव चाले, व दोन जुन्या अंकांना एक नवा असा तिचा भाव मुले आपसांत घासाघीस करून ठरवीत. या क्षुद्र समजल्या गेलेल्या दुकानदारांविषयी मला नितांत आदर वाटतो. सार्वजनिक ग्रंथालयांनी ज्या पुस्तकांना उंबरठ्याबाहेर ठेवले, ती त्यांनी गरीब मुलांपर्यंत पोहोचवली.

अंकांच्या मानाने खेळण्यांची कथा संक्षिप्त आहे, कारण वेताळाची बाहुली आमच्या बाजारात जवळजवळ नव्हतीच. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी खेळणी फळे, भाज्या, भातुकली यांत रमलेली. परदेशी पुतळा परकीय चलनाच्या टंचाईत कोण मागवणार? मुलांनी पुठ्ठ्याचा मुखवटा कातरला, मुठीवर शाईने वेताळाची कवटीची खूण काढली. पुढे नागपुरात तयार होणारी, टोकाला लाल रंग लावलेली ‘फँटम’ नावाची साखरेची सिगारेट मात्र थोड्या पैशांत मिळू लागली, आणि तंबाखूचे अनुकरण म्हणून वडीलधाऱ्यांनी तिची कितीही निर्भर्त्सना केली तरी नायकाच्या नावाचा मुलांना परवडणारा जिन्नस हाच होता. १९८७ मध्ये फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीची स्थापना झाल्यावर परदेशी धर्तीचे खेळण्यातले सैनिक येथेच घडू लागले. परंतु ते कपाटाच्या काचेआड ठेवून पाहण्याच्या किमतीचे होते.

१९७६ साली आबिद सुरती यांनी इंद्रजाल मालेसाठीच बहादूर निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रूप दिले. केशरी कुडता व जीन परिधान करणारा, दरोडेखोराचा पुत्र असूनही दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांना संघटित करणारा हा नायक मला वेताळाहून अधिक मोलाचा वाटतो. त्याच्यापाशी ना पिढीजात अमरत्वाची आख्यायिका होती, ना गुहेतील खजिना. देशी नायकांचा विषय निघालाच आहे, तर पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी प्रथम ‘अमर चित्र कथे’साठी शिवचरित्र रंगवले आणि १९८६ पासून दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज या वीराला आकार दिला; हिंदी प्रदेशातील लक्षावधी मुलांचा लाडका नायक मराठी कुंचल्यातून उतरला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

मासिक, मग पाक्षिक, अखेरच्या दशकात साप्ताहिक अशी वाटचाल करून, आठशेहून अधिक अंकांनंतर, १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. आता संग्राहक त्याचे जुने अंक मोठ्या किमतीस विकत घेतात, आणि ज्यावर शिवणीची भोके किंवा वाचनालयाचा शिक्का असेल त्या प्रतीचा भाव पाडतात. बाजाराच्या दृष्टीने ते यथायोग्य असेल. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र नेमक्या त्याच प्रती जपून ठेवाव्यात, कारण भाड्याने वाचणारी ती मुले कोणत्या गल्लीत आणि कोणाच्या फळीवर बसून वाचत होती, याचा लेखी पुरावा त्या शिक्क्यांखेरीज क्वचितच कोठे उरला असेल.