खाऱ्या पाण्यातले सोबती : काचेच्या टाकीचा एक छोटा इतिहास

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला असलेलं आणे हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक, रंगदासस्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी आणि दुसरी, पठारावरची पाणीटंचाई. कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा सोडून आणे घाट चढला की पाऊस पाठ फिरवतो. अशा गावात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, “मामू, खाऱ्या पाण्याचा छोटा टँक करायचाय. त्यात कुठले मासे एकत्र राहतील?”

त्याला दुकानदाराने यादी दिली होती. यादीत सगळे रंगीत मासे होते, मात्र कोण कोणासोबत जगेल याचा त्यात पत्ता नव्हता. मी मत्स्यतज्ज्ञ नाही, इतिहासाचा वाचक आहे. म्हणून मी त्याला या प्रश्नाचा इतिहास सांगायला बसलो. तो सांगताना जाणवलं की हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. मर्यादित जागेत, मर्यादित पाण्यात कोणाला कोणासोबत ठेवायचं, याचं उत्तर शोधायला माणसाला बरीच वर्षं लागली आणि त्यात असंख्य जीव गेले.

घाटावर आलेला समुद्र

जुन्नरचा समुद्राशी संबंध फार जुना आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल नाणेघाटातून जुन्नरला चढत असे. घाटातला दगडी रांजण आणि नागनिकेचा शिलालेख आजही त्याची साक्ष देतात. पुढे निजामशाहीत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षं जुन्नरहून कारभार पाहिला. तो हबशी होता, समुद्रापलीकडून आलेला. मात्र घाटावर समुद्र पोचला तो मीठ, सुकट आणि बोंबलाच्या रूपात. जिवंत समुद्र कधी घाट चढला नाही, कारण खारं पाणी आणि त्यातला जीव एकत्र वाहून नेण्याची सोय कोणाकडे नव्हती.

गोड्या पाण्यातले मासे मात्र आपल्याकडे हौसेने ठेवले जात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात माशांच्या जाती, त्यांचं खाणं आणि गळाने मासेमारी यावर स्वतंत्र प्रकरण आहे. औरंगजेबाच्या काळात काश्मीरला गेलेल्या बर्नियेने एका शाही बागेच्या तलावातले माणसाळलेले मासे पाहिले. त्यांतल्या मोठ्या माशांना सोन्याच्या कड्या होत्या आणि त्या नूरजहाँने घातल्याचं लोक सांगत. आपल्याजवळचं उदाहरण हवं तर औरंगाबादची पाणचक्की घ्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातल्या हौदात मासे पाहायला आजही पोरं गर्दी करतात.

या सगळ्या ठिकाणी ‘सोबती’ निवडण्याचा प्रश्न आला नाही. हौद मोठे होते, पाणी खेळतं होतं आणि दुबळ्या माशाला पळायला जागा होती. प्रश्न निर्माण झाला तो काचेची चौकट आल्यावर.

गोगलगायीने सोडवलेलं कोडं

काचेच्या टाकीत समुद्री जीव ठेवून अभ्यास करण्याचं श्रेय जान व्हिलप्रे-पॉवर या फ्रेंच बाईला जातं. शिवणकाम करून पोट भरणारी ही बाई लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिना शहरात स्थायिक झाली. 1832 मध्ये तिने काचेच्या टाक्या बनवून घेतल्या आणि आर्गोनॉट नावाचा अष्टपाद आपलं कवच स्वतःच तयार करतो, हे सिद्ध केलं. तोवर विद्वान म्हणत की तो दुसऱ्याचं कवच पळवतो. टाकीत डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय हा आरोप पुसला गेला नसता.

1846 मध्ये ॲना थिन या इंग्लिश बाईने किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं. समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा मिळणं कठीण होतं. म्हणून तिच्या घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. हवा मिसळून पाणी ताजं ठेवण्याची ती पद्धत होती. पुढे तिने टाकीत समुद्री शेवाळही घातलं. आज आपण जे काम विजेच्या पंपाकडून करून घेतो, ते त्या अनाम मोलकरणीच्या हातांनी केलं. इतिहासात तिचं नाव शोधूनही सापडत नाही.

खरं कोडं सुटलं ते 1850 च्या सुमारास. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एका टाकीत ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, तरी पाणी गढूळ होऊ लागलं, कारण वनस्पतीची जुनी पानं कुजत होती. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी स्वच्छ झालं आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली.

माझ्या मते टाकीतल्या सोबत्यांचा खरा इतिहास इथून सुरू होतो. वॉरिंग्टनने तिसरा सोबती शोभेसाठी निवडला नव्हता. पहिल्या दोघांना न जमणारं काम करणारा जीव त्याने शोधला. त्यानंतर त्याने हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यात केला.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हा शब्द घराघरांत पोचला. त्याच वर्षी गॉसने मीठ आणि इतर क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना टाकी करता येऊ लागली ती त्यामुळेच. आज आण्यात पोचणारी ‘सी सॉल्ट’ची पिशवी त्याच कृतीची नात-पणती आहे.

पण या वेडाची किंमत किनाऱ्यांनी मोजली. हौशी लोकांच्या झुंडी खडकांमधली डबकी ओरबाडू लागल्या. पुढे गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 मध्ये लिहिलेल्या आठवणींत वडिलांच्या पुस्तकांमुळे उजाड झालेल्या किनाऱ्यांबद्दल हळहळ व्यक्त केली आहे.

मुंबईची टाकी

आपल्याकडे सामान्य माणसाला जिवंत समुद्र काचेआड पाहायला मिळाला तो मुंबईत. मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केलं. तारापोरवाला या पारशी दानशूर घराण्याच्या देणगीतून ते उभं राहिलं. आमच्या पिढीच्या शाळेच्या सहली तिथे हमखास जात. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी मुलांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथेच, कारण बाजारात तो मेलेला किंवा सुकवलेलाच येई.

अशा मोठ्या मत्स्यालयात एक गोष्ट नीट पाहिली की कळते. सगळे मासे एका टाकीत नसतात. एका भिंतीआड भक्षक, दुसऱ्या भिंतीआड भक्ष्य अशी मांडणी असते. घरातल्या छोट्या टाकीत ही भिंत घालता येत नाही. म्हणून तिथे निवड हीच भिंत ठरते.

न दिसणारे पहिले सोबती

विसाव्या शतकात दोन गोष्टींनी घरगुती खारी टाकी शक्य केली. पहिली समज विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास दिली. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करतात, हे त्याने दाखवलं. माशाच्या विष्ठेतून येणारा अमोनिया विषारी असतो, नायट्रेट त्या मानाने सौम्य. दुसरी गोष्ट 1961 मध्ये इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी मांडली. समुद्रातला सजीवांनी भरलेला खडक टाकीत ठेवला तर टाकी मोठ्या प्रमाणात स्वतःच स्वच्छ राहते, असा त्यांचा अनुभव होता.

याचा अर्थ टाकीतले पहिले सोबती मासे नसतात, जिवाणू असतात. पाणी, खडक आणि वाळू घालून टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवावी लागते. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावरच पहिला मासा आणायचा. बहुतेक मासे मरतात ते या आठवड्यांची घाई केल्यामुळे.

मग कोण कोणासोबत?

भाच्याची टाकी ऐंशी लिटरची आहे. तिच्यासाठी मी हे सांगितलं.

तीन मासे पुरेत. क्लाऊनफिशची जोडी, म्हणजे पोरांचा ‘निमो’, आणि तळाशी राहणारा एक छोटा गोबी. क्लाऊनफिश दोन्ही लहान वयातले घ्यावेत. त्यांच्यात मोठा मासा मादी होतो आणि दुसरा नर राहतो, त्यामुळे भांडण आपोआप मिटतं. समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो. कोलिंगवूड या निसर्ग अभ्यासकाने 1868 मध्ये ही दोस्ती जगाला सांगितली. मात्र टाकीत समुद्रफूल आणू नये. त्याला जोरदार प्रकाश आणि स्थिर, जुनं पाणी लागतं. त्याच्याविना क्लाऊनफिश सुखाने जगतो.

गोबीसोबत पिस्तूल कोळंबी ठेवता येते. कोळंबी बीळ खणते, पण तिची नजर अधू असते. गोबी दारात पहारा देतो आणि धोका दिसला की शेपटी हलवून तिला कळवतो. साफसफाईसाठी शंखातल्या तीन-चार गोगलगायी पुरतात. शंखात राहणारा खेकडा घ्यायचा तर रिकामे शंख टाकावेत, नाहीतर तो घरासाठी गोगलगायीला मारतो. माशाला औषध देताना ते तांब्याचं नाही ना, हे पाहावं. तांबं कोळंबी आणि गोगलगाय दोघांनाही मारतं.

सिनेमातली ‘डोरी’ म्हणजे निळा टँग घेऊ नये. तो फूटभर वाढतो. लायनफिश तोंडात मावेल तो सोबती गिळतो. डॅमसेल स्वस्त मिळतो, पण नंतर येणाऱ्या प्रत्येकाला छळतो. शांत मासा आधी आणि तापट मासा शेवटी सोडायचा, म्हणजे तापट माशाला सगळी टाकी आपली वाटत नाही.

प्रवाळ आणि समुद्रघोडा यांचा तर विचारही नको. 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही संरक्षण दिलं आहे. क्लाऊनफिशही समुद्रातून पकडलेला नको, पैदास केंद्रातला हवा. फिलिपाइन्समध्ये 1960 च्या दशकापासून शोभेचे मासे सायनाइडने गुंगवून पकडले गेले आणि त्यात प्रवाळही मेलं. आपल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. मग किनारा ओरबाडायचं कारण काय उरतं?

पाण्याचा हिशेब

राहिला प्रश्न आण्याच्या पाण्याचा. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज गोडं पाणी घालावं लागतं आणि आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे आठ लिटर खारं पाणी बदलावं लागतं. हे पाणी आरओचं हवं आणि आरओ यंत्र त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं. ज्या पठारावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे हे पाणी कोणाच्या हंड्यातून येणार? आरओचं वाया जाणारं पाणी भांडी आणि झाडांना वापरता येतं. पण टाकीतून काढलेलं खारं पाणी झाडाला घालता येत नाही, ते जमीन बिघडवतं. वीज गेली आणि पंप बंद पडला तर काही तासांत मासे गुदमरतात, हाही हिशेब आधी करायला हवा.

प्राणी पाळण्याला आपल्या परंपरेत मनाई नाही. प्रेषितांनी पाळीव चिमणी मेल्यावर उदास झालेल्या अबू उमैर नावाच्या पोराची विचारपूस केली, ही हदीस मुलांनाही ठाऊक असते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. दोन्ही एकत्र वाचल्या तर निष्कर्ष सरळ निघतो. ज्याला कोंडलं, त्याचं अन्न, पाणी आणि सोबत यांची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते.

भाच्याला मी नको म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की या उन्हाळ्यात घरात रोज किती पाणी येतं आणि वीज किती वेळ जाते, ते वहीत लिहून काढ. मग सहा आठवडे माशांविना टाकी चालवून दाखव. दुकानदाराला “किती मासे मावतील?” असं विचारू नकोस, तो मोठा आकडा सांगेल. वॉरिंग्टनसारखं विचार, कोणाची घाण कोण साफ करणार आणि कोण कोणाला खाणार. उत्तर मिळेल तेवढेच सोबती घे, बाकी टाकी मोकळी राहू दे.