हातोडीविना लिलाव

‘लिलाव’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला आणि इतका आपलासा केला की, तो परका आहे असे सांगितले तर कोणास पटू नये. आमच्या मेळघाटात तर तो फारच घरचा. चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाड्यास गेले की सागवानाचा लिलाव पाहावयास मिळतो. बोलीच्या आधी व्यापारी थप्प्यांभोवती हिंडतात, ओंडक्याचे तोंड न्याहाळतात, पोकळीचा संशय आला तर ठोकून पाहतात. माल समोर, घेणारा समोर, विकणाराही समोर.

ही समोरासमोर १९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिडयार नावाच्या तरुणाने मोडली. त्याने इंटरनेटवर लिलाव मांडला आणि त्यात आरंभी विकली गेलेली वस्तू कोणती, तर एक बिघडलेला लेझर पॉइंटर! किंमत आली १४ डॉलर ८३ सेंट. ‘तो मोडका आहे, ठाऊक आहे ना?’ असे त्याने गिऱ्हाइकास विचारले, तेव्हा आपण मोडकेच जमवतो, असे उत्तर आले म्हणतात. पुढे जगभर गाजलेली ‘ईबे’ ती हीच.

या बाजारात हळूहळू एक निराळाच माल येऊ लागला : विजेची मापनयंत्रे. वाचकहो, ही यंत्रे मुळात तुमच्या-आमच्यासाठी नव्हतीच. १९३९ साली ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघा मित्रांनी एका गॅरेजात कंपनी काढली. ध्वनीची यंत्रे तपासणारा त्यांचा ऑसिलेटर डिस्नेने ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी घेतला, एकदम ८ नग. १९४७ साली टेक्ट्रॉनिक्सचा ऑसिलोस्कोप आला. विजेची लहर पडद्यावर रेखून दाखवणाऱ्या त्या पेटाऱ्याची किंमत होती ७९५ डॉलर! त्या काळी एवढ्यात मोटारगाडीचा बराचसा भाग आला असता. पुढे २००१ च्या सुमारास अमेरिकेत दूरसंचाराच्या धंद्याचा फुगा फुटला, कंपन्या बसल्या, प्रयोगशाळांची कपाटे रिकामी झाली आणि असली यंत्रे लिलावात आली. हौशी रेडिओवाला जे काचेआडून पाही, ते त्याच्या टेबलावर आले.

पण येथेच खरी मेख आहे. बिघडलेला पंखा फिरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. बिघडलेले मापनयंत्र मात्र आकडा दाखवतेच. तो खोटा असतो, इतकेच. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून सुकलेले, बटणांचे सांधे गंजलेले, आणि आमच्या चिखलदऱ्यासारख्या धुक्याच्या गावी आणले तर वर बुरशीचा आहेर. छायाचित्रात यातले काही दिसत नाही. विकणारा लिहितो, ‘सुरू होते’. म्हणजे दिवा लागतो, एवढेच! सरकारी नोटिशीतले ‘जसे आहे जेथे आहे’ त्या मानाने प्रामाणिक.

ओमिडयारने १९९६ साली यावर तोड काढली. घेणाऱ्याने विकणाऱ्याविषयी चार शब्द सर्वांसमक्ष लिहायचे. ओंडका ठोकता येत नाही, तर निदान माणूस ठोकून पाहा, असा हा हिशेब. तो पुष्कळसा जमला. हातोडीची जागा मात्र घड्याळाने घेतली. ‘एक बार, दोन बार’ नाही. वेळ संपली की लिलाव संपला. म्हणून जाणते लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत मौन पाळतात आणि मग एकदम झडप घालतात.

आपल्याकडे हा प्रकार रुजला मुंबईत, ‘बाझी’ या कंपनीच्या रूपाने. २००४ साली ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०१८ च्या ऑगस्टात ते भारतीय दुकान बंद झाले. तेव्हापासून परदेशातून यंत्र आणायचे तर वाहतूक आणि जकात मिळून कित्येकदा मालापेक्षा भाडेच जड होते. सरकारी भंगाराचा लिलाव संगणकावर होतो खरा, पण तो ढिगाने. एका मल्टिमीटरसाठी ढीग कोण घेणार? उरते मुंबईचे लॅमिंग्टन रोड, आजचा डॉ. भडकमकर मार्ग. तेथला दुकानदार प्लग लावून दाखवतो. पण अमरावतीच्या दुरुस्तीवाल्याला किंवा आमच्यासारख्या डोंगरातल्या शाळेला मुंबई जवळ नाही.

तरीही ठोकून पाहण्याची एक सोय यंत्रातच आहे. बहुतेक ऑसिलोस्कोपच्या दर्शनी भागावर एक लहानशी कडी असते. तिच्यातून ठरीव मापाची चौकोनी लहर निघते. प्रोब तिला लावून पडद्याचा फोटो धाडा, असे विक्रेत्यास लिहावे. लहर सरळ चौकोनी दिसली, तर बोली बोलावी. कोपरे गोल झालेले दिसले, तर आधी प्रोबचा स्क्रू फिरवून पाहावयास सांगावे. दोष पुष्कळदा तेवढाच असतो. आणि फोटो आलाच नाही, तर त्या दिवशी परतवाड्याला जाऊन सागवान पाहावे.